जॉनचाचा कोणाचा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या नंदाखालच्या वाडीत दूरदर्शन संच आला तेव्हा रविवारची संध्याकाळ म्हणजे सण असे. ज्यांच्या घरी संच होता त्यांची ओटी माणसांनी भरून जाई. अशाच एका रविवारी ‘बूट पॉलिश’ लागला. लाल लुगडं नेसलेली माझी आजी अगदी पुढे बसली होती. पडद्यावर टक्कल पडलेला, ठेंगणा, हसऱ्या डोळ्यांचा एक माणूस दोन अनाथ पोरांना जवळ घेत होता. त्याला सगळे जॉनचाचा म्हणत. आजीनं मला विचारलं, “हा आपल्यातला का रे?” मी म्हटलं, “नाव जॉन आहे, म्हणजे आपलाच असणार.”

माझं उत्तर चुकीचं होतं, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. पण ते पूर्णपणे चुकीचं होतं का, हा प्रश्न मात्र अजून माझ्या मनात आहे.

जॉनचाचाचं काम करणारे नट म्हणजे डेव्हिड. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. जन्म १९०९ सालचा, ठाण्याचा. ते ख्रिस्ती नव्हते. ते बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून कुलाबा जिल्ह्यात या लोकांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावं गावांवरून पडलेली. पेणचे ते पेणकर, चेऊलचे म्हणजे चौलचे ते चेऊलकर. पहिल्या भारतीय बोलपटाचे, १९३१ च्या ‘आलम आरा’चे लेखक जोसेफ डेव्हिड हेही याच समाजातले. बायबलातल्या कथांवर हे लोक मराठीतून कीर्तनं करीत. आमच्याकडे फादर स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणाची परंपरा, त्यांच्याकडे कीर्तनाची. धर्म दोन, पण देवाशी बोलायची भाषा दोघांचीही मराठीच.

डेव्हिड यांनी १९३० मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी घेतली. पदवीधराला तेव्हा मान होता. नोकरी मात्र मिळेना. काही वर्षं अशीच गेल्यावर १९३७ च्या सुमारास ते चित्रपटसृष्टीत शिरले. उंची कमी, डोक्यावर केस नाहीत. नायक होण्याचा प्रश्नच नव्हता. बॉम्बे टॉकीजच्या १९४१ सालच्या ‘नया संसार’पासून लोक त्यांना ओळखू लागले आणि पुढे चार दशकं ते काम करीत राहिले. शंभराहून अधिक चित्रपटांत त्यांनी कधी काका, कधी मामा, कधी डॉक्टर, कधी घरचा जुना स्नेही उभा केला.

‘बूट पॉलिश’ हा आर. के. फिल्म्सचा १९५४ सालचा चित्रपट. दिग्दर्शक प्रकाश अरोरा. भोला आणि बेलू या भावंडांना त्यांची दुष्ट चाची भीक मागायला लावते. जॉनचाचा त्यांना कष्टाची भाकर खायला शिकवतो. गंमत अशी, की हा चाचा स्वतः चोरून दारू विकतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबई इलाख्यात हा धंदा घरोघर माहीत झाला होता. पोलीस त्याला पकडून नेतात आणि मुलं उघडी पडतात. तुरुंगात टकल्या कैद्यांना जमवून तो पावसाला साद घालतो, ते गाणं पाहून आमची ओटी हसून लोटपोट झाली होती. त्याच चाचाला मुलांपुढे मान खाली घालावी लागते तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

फिल्मफेअरनं सहायक अभिनयाची पारितोषिकं १९५५ मध्ये सुरू केली. पहिलं डेव्हिड यांना ‘बूट पॉलिश’साठी मिळालं आणि अभिनेत्रींमधलं पहिलं उषा किरण यांना ‘बादबान’साठी. म्हणजे पहिल्याच वर्षी दोन्ही मान मराठी घरांत आले. पण मराठी सिनेमाच्या गप्पांत उषाताईंचं नाव निघतं, डेव्हिड यांचं निघत नाही. आडनाव गळलं आणि मराठीपणही गळून पडलं.

इथं मला आमचंही दुखणं सांगावंसं वाटतं. हिंदी सिनेमातला ख्रिस्ती म्हणजे हातात बाटली, तोंडात मोडकं हिंदी. आमच्या नंदाखालचे लोक पहाटे उठून बागायतीतला माल घेऊन विरारची गाडी पकडत आणि घरात सामवेदी बोलत. तो माणूस पडद्यावर कधी आलाच नाही. जॉनचाचाही दारूवालाच, हे खरं. पण बाकीच्या अशा पात्रांना लेखकानं फक्त बाटली दिली. डेव्हिड यांच्या वाट्याला बाटलीबरोबर एक काळीजही आलं आणि त्यांनी ते जपून वापरलं. आजीला जो ‘आपल्यातला’ वाटला, तो या काळजामुळे.

पुढे हृषीकेश मुखर्जींनी त्यांना फार आपुलकीनं वापरलं. ‘अभिमान’, ‘चुपके चुपके’ आणि ‘गोलमाल’मधले केदारमामा आठवा. १९६९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९७९ मध्ये बासू चटर्जींच्या ‘बातों बातों में’ या चित्रपटात ते वांद्र्याच्या ख्रिस्ती कुटुंबातले अंकल टॉम झाले. चर्चगेटला जाणारी आमच्याच मार्गावरची लोकल, त्यात जमलेली ओळख आणि लग्न जुळावं म्हणून धडपडणारा हा म्हातारा. जॉनचाचानंतर पंचवीस वर्षांनी ते पुन्हा आमच्याकडेच आले होते. या वेळी त्यांच्या वाट्याला साधं, नोकरदार, नांदतं घर होतं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांतच कॅनडात, टोरोंटोला त्यांचं निधन झालं. १९४८ नंतर त्यांच्या समाजातली बहुतेक घरं इस्रायलला गेली. कोकणातल्या कितीतरी गावांत आता प्रार्थनामंदिर उरलं आहे, माणसं नाहीत.

आजी आज असती तर तिला नीट उत्तर दिलं असतं. म्हटलं असतं, आजी, तो ख्रिस्ती नव्हता. तो ठाण्याचा होता, खाडीपलीकडचा. मराठी बोलायचा. आपल्यातलाच.