सही करण्याआधी

आज आम्ही पनवेलच्या त्या मुलींबद्दल बोलणार आहोत, ज्या १९९४ साली कॉलेजात होत्या. म्हणजे आमच्याबद्दलच.

आमच्या गावांची जमीन आमच्या जन्माआधीच गेली होती. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांवर संपादन आले. भाव तुटपुंजा. दि. बा. पाटील यांच्या मागे गावेच्या गावे उभी राहिली. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. मोर्चात आमच्या आया, आज्याही होत्या. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याची वाट निघाली.

मातीला भाव आला आणि घरोघरी वारसांची नावे काढली जाऊ लागली. त्यात आमचीही होती! भाताच्या खाचरात आजीबरोबर राबताना आमचे नाव कुणी विचारले नव्हते.

१९५६ च्या कायद्याने मुलगी वडिलांच्या स्वतःच्या वाट्यात वारस झाली होती. पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः भागीदार फक्त मुलगा. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून हे बदलले आणि मुलीलाही तोच हक्क दिला. अट एकच, त्या तारखेआधी तिचे लग्न झालेले नसावे. त्यामुळे एकाच घरात कॉलेजात जाणारी धाकटी भागीदार, आणि मेमध्ये बोहल्यावर चढलेली थोरली नाही. देशभराचा कायदा २००५ मध्ये बदलला तेव्हा ही लग्नाची अट गेली. वडील २००५ मध्ये हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केले.

पण कायदा मुंबई-दिल्लीत, आणि सही ओटीवर. अठरा पूर्ण झाली की दादा कागद पुढे करायचा. "बाय, सही कर गो. तुझं लग्न आम्हीच करणार ना?" आई चुलीकडे तोंड करून बसायची. वाचायला मागितले तर "शिकली म्हणून उलटून बोलते". आमच्यातल्या बऱ्याच जणींनी सही केली, कारण माहेर तुटायला नको होते. त्यांना आम्ही भित्र्या म्हणणार नाही. बाळंतपणाला जायचे कुठे, हा प्रश्न खराच होता. एकीने मात्र "परीक्षा झाल्यावर बघू" म्हणून तीन वर्षे काढली. भाऊ दोन वर्षे भाऊबीजेला आला नाही, तिसऱ्या वर्षी आला. तिचे नाव अजून कागदावर आहे.

विमानतळाच्या दहा गावांत साडेबावीस टक्क्यांच्या वेळीही तेच कागद फिरले. आज कॉलेजात असलेल्या आमच्या लेकींना एवढेच सांगतो: हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. कोऱ्या कागदावर सही करू नका. आणि कागद घरी आणून, दोन दिवस ठेवून, वाचायला मागा.