रोगसूचनेचे बंधन (पुणे शहर)

ठरावीक आजारांचा रुग्ण आढळल्यास ती माहिती आरोग्य यंत्रणेला कळवण्याची डॉक्टरांवरील कायदेशीर जबाबदारी. अशा आजारांना ‘अधिसूचित आजार’ म्हणतात. पुणे शहरात ही माहिती मुख्यतः महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि तिथून जिल्हा व राज्य पातळीवरील रोग सर्वेक्षण कक्षांकडे जाते.

हे बंधन एकाच कायद्यात सापडत नाही. महापालिका अधिनियम, १९४९ मध्ये ‘धोकादायक रोगां’ची तरतूद आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत संसर्गजन्य रोगाचा रुग्ण कळवणे हे वैद्यकाचे कर्तव्य मानले आहे. साथरोग अधिनियम, १८९७ चे नाव सर्वांत आधी घेतले जात असले तरी डॉक्टरने रुग्ण कळवावा असे त्याच्या मूळ मजकुरात कुठेही नाही. सरकारला उपाय योजण्याचे व नियम करण्याचे अधिकार तो देतो. बंधन येते ते त्या नियमांतून.

हा कायदा मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या धास्तीतून ४ फेब्रुवारी १८९७ रोजी झाला. पुण्यात ब्रिटिश अधिकारी वॉल्टर रँड यांच्या प्लेग समितीने मार्चपासून सैनिकांकरवी घरोघर झडत्या घेतल्या. रुग्ण कळवणे म्हणजे घरचे माणूस इस्पितळात आणि बाकीचे कुटुंब विलगीकरण छावणीत धाडणे, असाच अर्थ लोकांनी घेतला. साहजिकच आजारी माणसे लपवली गेली. या जाचाच्या रोषातून २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. धाकाने रुग्ण पुढे येत नाहीत हे पुण्याइतके महागात क्वचितच कुठे कळले असेल. तरी पुढच्या तरतुदींनी दंडाचा आधार सोडला नाही.

क्षयरोगाच्या बाबतीत ते स्पष्ट दिसते. केंद्र सरकारने ७ मे २०१२ च्या आदेशाने तो अधिसूचित केला. सरकारी यंत्रणेबरोबरच खासगी डॉक्टर, रुग्णालये आणि प्रयोगशाळांनाही प्रत्येक रुग्ण कळवणे बंधनकारक झाले. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने क्षयरोगाची औषधे विकणाऱ्या दुकानदारांनाही त्यात ओढले आणि न कळवणाऱ्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम २६९ व २७० खाली कारवाईची तरतूद केली. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमे २७१ व २७२ त्यांच्या जागी आली. नोंद ‘निक्षय’ या पोर्टलवर होते. खासगी डॉक्टरला रुग्ण कळवल्याबद्दल ५०० रुपये आणि उपचारांचा निकाल कळवल्यावर आणखी ५०० रुपये असे मानधनही ठेवले आहे. दंड आणि मानधन एकाच बंधनाला जोडल्यावर, ते कर्तव्य की काम, असा प्रश्न डॉक्टरला पडला तर नवल नाही.

शहरात मोठी साथ आली की यंत्रणा एकदम जागी होते. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला. त्या वर्षी १८९७ चाच कायदा वापरून पालिकेच्या रुग्णालयांत तपासणी केंद्रे उघडली गेली आणि हा आजार अधिसूचित झाला. ९ मार्च २०२० रोजी राज्यातील पहिले कोरोनाबाधित पुण्यात आढळले आणि काही दिवसांतच त्याच कायद्याखाली नवे नियम निघाले.

रुग्णाची गुप्तता राखणे हेही डॉक्टरचे कर्तव्यच. आचारसंहिता अधिसूचित आजारांना त्यातून सूट देते, पण ती आरोग्य अधिकाऱ्यांना कळवण्यापुरती; सोसायटीच्या अध्यक्षाला किंवा मालकाला सांगण्याची नव्हे. एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि गुप्ततेचे नियम अधिक कडक आहेत.

नोंदी एकत्र आल्या की काय साधते ते जानेवारी २०२५ मध्ये दिसले. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही. एरवी तो विरळाच, त्यामुळे एखाददुसरा रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरला त्यात साथ दिसण्याचे कारण नव्हते. वेगवेगळ्या रुग्णालयांतील नोंदी पत्त्यांसह एकत्र मांडल्यावर रुग्ण एकाच टापूत दाटलेले दिसले, संशय पिण्याच्या पाण्याकडे गेला आणि विहिरी व टँकरच्या पाण्याचे नमुने तपासायला घेतले गेले.