चरीचा संप, आजोबांचा फरा आणि एक राष्ट्रीय उद्यान

मंडळी, भात कापणीला आलंय आणि पाऊस जायचं नाव घेत नाही. दोन खाचरं आडवी झालीत. काल दिवसभर बांधावर उभा राहून आभाळाकडे बघण्यापलीकडे काही करता आलं नाही. अशा रिकाम्या दिवशी जुनं आठवतं. त्यातून तारीख होती २७ ऑक्टोबर. म्हणून आज खत-फवारणीचं काही लिहीत नाही, आमच्याच शेजारच्या तालुक्यातली गोष्ट सांगतो.

पेणहून अलिबागला जाताना वडखळ सोडलं, धरमतरचा पूल ओलांडला की पोयनाड येतं. त्याच्या जवळच चरी. गाडीवाले पर्यटक किनाऱ्याच्या ओढीनं सुसाट निघून जातात, उजवी-डावीकडे बघत नाहीत. त्यांचीही चूक नाही, बघण्यासारखं तिथं उभं काही नाही. भाताची शेतं, बांध, उंडी-चिंचेची झाडं. पण २७ ऑक्टोबर १९३३ ला याच चरी गावात कुळांची मोठी सभा झाली आणि ठरलं, खोताची जमीन कसायची नाही. पंचवीस गावं संपात उतरली. तो संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं!

शेतकऱ्याला विचारा सहा वर्षं म्हणजे काय ते. एक लावणी चुकली तर आमची झोप उडते. इथं सहा लावण्या गेल्या.

खोती म्हणजे काय होतं

नव्या पोरांना खोत हा शब्द आडनाव म्हणून माहीत असतो. खोत म्हणजे सरकार आणि कुळ यांच्या मधला माणूस. गावचा सारा गोळा करून सरकारात भरायचा हे त्याचं काम. ते काम वंशपरंपरेनं चालत राहिलं आणि हळूहळू जमीनच त्याची असल्यासारखी झाली. कसणारा तो कुळ. त्यानं खोताला कबुलायत लिहून द्यायची की जमीन तुमची, मी अमुक इतकं भात घालीन. पीक बुडालं तरी लिहिलेलं घालायचं. वर खोताच्या घरची वेठ, सणावाराला भाजी, कोंबडी, गवताचे भारे. घालून उरलं ते कुळाचं, आणि उरत नसेच. मग पावसाळ्यात खायला धान्य पुन्हा खोताकडूनच, तेही व्याजानं.

आमचे आजोबा सांगायचे, भात घेताना मोजायचं माप वेगळं आणि देताना मोजायचं वेगळं. आमच्या घरात एक लाकडी फरा होता, कडेला लोखंडी पट्टी मारलेला. आजोबा म्हणायचे, हा आपला खरा फरा, खोताचा याहून मोठा होता. तो फरा पुढे कुठं आहे ते वाचा.

संप कसा टिकला

चरीच्या संपाचे पुढारी नारायण नागू पाटील. कोलाबा जिल्हा शेतकरी संघाचं काम त्यांनी संपाआधी काही वर्षं सुरू केलं होतं. (आपला रायगड १९८१ पर्यंत कोलाबा होता, हे पोरांसाठी.) बहुतेक कुळं आगरी, सोबत बाकीच्या जातींचीही. सभेची वेळ बघा. ऑक्टोबरअखेर, म्हणजे भात तयार आणि खोताचा माणूस मापं घेऊन यायच्या बेतात. ठरवून केलं की आपसूक जुळलं ते सोडा, पण शेतकऱ्याला ती वेळ बरोबर कळते.

जमीन ओसाड ठेवली म्हणजे खोताचं उत्पन्न थांबलं, तसं कुळाच्या घरातलं धान्यही थांबलं. लोकांनी डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणून विकल्या, खाडीत मासे-चिंबोऱ्या धरल्या, मिळेल ती मजुरी केली. खारेपाटात दुसरीही एक गोष्ट असते. एका सालात बांधाची डागडुजी केली नाही तर खेकडा बिळं पाडतो, उधाणाचं पाणी आत येतं आणि खाचर खारं होतं. ते पुन्हा गोडं करायला तीन-चार पावसाळे जातात. आपल्या हातानं राखलेली जमीन डोळ्यांदेखत पडीक होताना बघणं, हे भुकेपेक्षा जड असणार. मी माझ्या आडव्या भाताकडे एक दिवस बघू शकत नाही.

डिसेंबर १९३४ मध्ये चरीला शेतकरी परिषद भरली, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाडच्या चवदार तळ्याच्या वेळचे सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे ही मंडळी खोतीविरुद्धच्या लढ्यातही होती. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्याच साली नारायण नागू पाटलांनी ‘कृषीवल’ सुरू केलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले आणि इतर जिल्ह्यांतले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले.

ते विधेयक मंजूर झालं नाही. पण १९३९ मध्ये संप मिटला तो कुळाला मान्यता मिळवून. मोरारजी देसाई तेव्हा महसूलमंत्री होते. त्याच साली मुंबई सरकारनं कुळकायदा केला, ‘संरक्षित कुळ’ हा शब्द कायद्यात आला. पुढे १९४८ चा कुळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा, आणि १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारा कुळ मालक मानला गेला. ज्यांच्या घरी ‘३२ ग’ची किंमत भरल्याची पावती आणि ‘३२ म’चं प्रमाणपत्र आहे, त्यांनी ते एकदा काढून बघा. त्या कागदाची वाट चरीच्या पडीक खाचरांतून आलीय.

अमेरिकेतलं डिलेनो

आता हे सगळं आज का आठवलं? मुलीनं मोबाईलवर एक गोष्ट दाखवली. कॅलिफोर्नियात डिलेनो नावाचं गाव आहे, द्राक्षाचा मुलूख. तिथं सप्टेंबर १९६५ मध्ये फिलिपिनो मजुरांनी द्राक्षतोडणी बंद केली, आठवडाभरात मेक्सिकन मजूर त्यांना मिळाले. तो संप १९७० पर्यंत चालला, पाच वर्षं. १९६६ मध्ये ते मजूर डिलेनोहून राज्याच्या राजधानीपर्यंत चालत गेले. पाच वर्षांचा संप आणि राजधानीवर मोर्चा, ऐकून चरीच आठवतं. फक्त चरीचा संप तीस वर्षं आधीचा आणि एक वर्ष जास्त.

तिकडे संघटनेचं मुख्य ठाणं असलेली एक जागा २०१२ मध्ये राष्ट्रीय स्मारक झाली. जमीन तिथल्या संस्थेनं स्वतः दिली. आता मागणी अशी, की डिलेनोचं सभागृह, संघटनेचं आवार अशा सगळ्या जागा मिळून शेतमजूर चळवळीचं एक राष्ट्रीय उद्यान करावं.

मी बायकोला म्हटलं, आपल्याकडे पण करायला पाहिजे. ती म्हणाली, “राष्ट्रीय उद्यान? म्हणजे बिबट्या सोडणार काय शेतात?”

हसण्यावारी नेऊ नका. रोह्याकडच्या माणसाला फणसाड अभयारण्य माहीत आहे. आपल्याकडे उद्यान, अभयारण्य म्हटलं की पहिला प्रश्न येतो, गुरं चारता येतील का? पुरातत्त्वाचंही तसंच. केंद्राच्या कायद्यात संरक्षित स्मारकाला शंभर वर्षं पुरी लागतात, आणि स्मारक ठरलं की भोवती १०० मीटरात बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरात परवानगी. चरीचा संप २०३३ मध्ये शंभरीचा होईल. पण समजा उद्या एखादं खाचर स्मारक ठरलं, तर ज्या कुळाच्या आज्यानं उपाशी राहून ती जमीन मिळवली, त्याच्याच नातवाला तिथं पडवी वाढवता येणार नाही. हा कसला मान?

मग राखायचं काय?

जुलै २०२५ मध्ये आपला रायगड आणि अलिबागसमोरचा खांदेरी युनेस्कोच्या यादीत गेले. ऊर भरून आला. किल्ल्याला तट असतो, बुरूज असतो. संपाला काय असतं? संप म्हणजे एक गोष्ट न करणं. न नांगरलेल्या जमिनीचा पुरावा कुठून आणणार? पहिल्या पावसात तोही उगवून जातो.

पण पुरावा आहे. तो आपल्या घरांत आहे, आणि आपणच तो घालवतोय.

माझी आत्या रोहा तालुक्यात दिलेली. तिच्या सासरी एक पत्र्याची पेटी होती, तीत कबुलायती, साऱ्याच्या पावत्या, जुने फेरफार. गेल्या उन्हाळ्यात मुद्दाम गेलो. आत्या म्हणाली, “अरे, त्याला वाळवी लागली, मी चुलीत घातले. तुला आधी सांगायला काय झालं होतं?” तिला काय बोलणार? माझाच दोष मोठा. आजोबांचा तो फरा मी स्वतः भंगारवाल्याला दिला. घर नवं बांधलं तेव्हा, पट्टीच्या लोखंडाचे पैसे आले म्हणून. किती आले ते लिहायची लाज वाटते.

म्हणून माझ्या मनातलं उद्यान असं आहे. एका सातबाऱ्याचीही जमीन घेऊ नका. ग्रामसभेनं ठरवावं, आणि ज्या शेतकऱ्याची इच्छा असेल त्याच्या बांधावर एक साधी पाटी, या खाचरात संपात पीक घेतलं नाही. शेतात भातच राहावं, कारण भात हेच तिथलं स्मारक. पंचवीस गावांतल्या घरोघरच्या कागदांचे फोटो काढून एका ठिकाणी ठेवावेत, मूळ कागद घरातच राहू दे. ‘कृषीवल’चे जुने अंक तिथं वाचायला मिळावेत. आणि नव्वदीपलीकडची जी माणसं तेव्हा लहान पोरं होती, त्यांचं बोलणं मोबाईलवर धरून ठेवावं. हे काम शंभरीची वाट बघू शकत नाही.

घाई दुसऱ्या कारणानंही आहे. २००८ मध्ये आमच्या पेण तालुक्यातल्या २२ गावांत सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर मतदान घेतलं गेलं, तारीख २१ सप्टेंबर. शेतकऱ्यांनी रांगा लावून नको म्हटलं. पुढे तो सेझ उभा राहिला नाही. तोही आपल्या उद्यानातला एक थांबा धरा. आता अटल सेतू झाला, उरण, पनवेल, पेणच्या १२४ गावांत नवं शहर यायचं घाटतंय, आणि सगळ्या खारेपाटात जमिनीचे भाव चढलेत. विकणाऱ्याला मी नावं ठेवत नाही, शेती परवडत नाही हे मलाही कळतं. पण खाचरात मुरूम पडला की त्याखाली काय होतं ते विचारायलाही कोणी उरत नाही.

एक गोष्ट जी बोलायलाच हवी

संप कुळांचा होता. कुळाला जमीन मिळाली, आम्ही मालक झालो. पण कुळाच्याही बांधावर राबणारा कातकरी मजूर होता. कबुलायत त्याच्या नावाची नव्हतीच, म्हणून १ एप्रिल १९५७ ला त्याला काही मिळालं नाही. आजही पाऊस संपला की वाडीतली कुटुंबं वीटभट्टीवर जातात. माझ्या आडव्या भाताला उद्या हात लावायला तीच माणसं येणार आहेत. चरीची गोष्ट सांगताना त्यांची पाटी नसेल तर आपलं मापसुद्धा घेताना एक आणि देताना एक, असंच झालं.

आत्ता लिहिता लिहिता ऊन पडलंय. उद्या सकाळी विळे काढतो. त्याआधी आज संध्याकाळी एक काम तुम्हीही करा. माळ्यावरची, कपाटावरची जुनी पेटी खाली काढा. मोडी वाचता येत नसेल तरी फेकू नका. कागद उन्हात एकदा दाखवा, कडुनिंबाचा पाला घाला आणि फोटो काढून ठेवा. फरा, पायली, अधोली काही असेल तर भंगारवाल्याला दारातूनच परत पाठवा.

मी नाही पाठवला.