कानातला तोल

तोल हा शब्द आपण बहुधा स्वभावासाठी वापरतो. रागात तोल गेला, बोलताना तोल सुटला. शरीराचा तोल कुठे असतो असे विचारले, तर पुष्कळ जण पायांकडे बोट दाखवतील. पायांचा वाटा आहे, डोळ्यांचाही आहे. पण तोलाचे मोठे ठाणे आतल्या कानात आहे. तिथे द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. फुगडी थांबली तरी मुलींना अंगण फिरताना दिसते, कारण पाय थांबले तरी नळीतला द्रव लगेच थांबत नाही. खेळातली ही घेरी गोड वाटते. आजारातली माणसाला घाबरवून टाकते.

वैद्यकाला हे उमगायला फार वेळ लागला. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये फ्लूरान्स यांनी कबुतरांच्या या नळ्या कापून पाहिल्या. पाखरे गरगरू लागली, मान भलतीकडे फिरवू लागली. तरी भोवळ म्हणजे मेंदूत रक्त साचणे, हा समज टिकून राहिला. १८६१ मध्ये पॅरिसमधल्या मूकबधिरांच्या संस्थेतले डॉक्टर प्रॉस्पेर मेनिए यांनी वैद्यक अकादमीपुढे सांगितले की, अशी भोवळ कानातूनही येते. पुढच्याच वर्षी ते वारले. आज त्यांचे नाव एका आजाराला आहे. आम्हा कवींना नाव मागे राहावे याची फार हौस. पण ते असे राहावे, असे कुणाला वाटेल?

पुढे व्हिएन्नातल्या रॉबर्ट बारानी यांच्या लक्षात आले की, कान गार पाण्याने धुतला की रोग्याला चक्कर येते आणि बुबुळे हलू लागतात. गार पाण्याऐवजी गरम घेतले, तर ती उलट्या दिशेने हलतात. यातून कानाची परीक्षा तयार झाली. त्यांना १९१४ चे नोबेल मिळाले, तेव्हा ते रशियनांच्या कैदेत होते.

कान सापडला, पण उपाय? उपाय एकच होता, पडून राहा. माझ्या अम्मीला हेच सांगितले गेले. सत्तरी ओलांडलेली बाई, महिनोन् महिने खाटेवर. भोवळ कमी झाली, पण चालण्याची हिंमत गेली. मोरीपर्यंत जायचे तरी भिंत धरून.

खरे तर तोवर इंग्लंडमध्ये याचे उत्तर मिळालेले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, डोक्याला मार लागलेल्या आणि कानाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांकडे पाहताना कॉथॉर्न आणि कुक्सी यांना दिसले की, जे हलतात-फिरतात ते लवकर बरे होतात. त्यांनी व्यायाम आखले. आधी बिछान्यात फक्त डोळे वर-खाली, मग मान, मग बसून उठणे, चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात टाकणे, शेवटी चढ-उतारावर चालणे, आधी उघड्या डोळ्यांनी, मग मिटून. ज्या हालचालीने चक्कर येते तीच थोडी थोडी करायची. एका कानाकडून चुकीचा निरोप येत असला, तर मेंदू तो हळूहळू दुरुस्त करून वाचायला शिकतो. पण हललेच नाही, तर तो शिकणार कशावर?

योगाची वाट वेगळ्याच गावाहून आली. घेरंडसंहितेत एका पायावर उभे राहण्याचे वृक्षासन आहे. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या शिल्पात एका पायावर उभा तपस्वी आहे, आणि त्याचे सोंग आणणारे एक मांजरही! त्या तपस्व्याला भोवळ घालवायची नव्हती. पूर्वजांना सगळे ठाऊक होते, असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. आसने प्रयोगशाळेत आणली ती स्वामी कुवलयानंदांनी, १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढून. आणि पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी भिंत, खुर्ची, दोर, लाकडी ठोकळे आसनांच्या मदतीला घेतले. भोवळीच्या माणसाच्या दृष्टीने ही भिंत फार मोलाची आहे.

काही वर्षांपूर्वी नमाज पढताना सजद्यात डोके टेकले की माझी खोली फिरू लागली. कानातले चुन्यासारखे बारीक कण जागा सोडून नळीत गेले होते. डॉक्टरांनी टेबलावर निजवून मान ठरावीक क्रमाने फिरवली आणि गरगर थांबली. अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांची ही युक्ती. १९८० मध्ये त्यांनी ती मांडली, तेव्हा पुष्कळांनी हसण्यावारी नेली होती. गरगर थांबली, तरी पाय होडीत असल्यासारखे डुलत राहिले. ते मला ताडासनाने सावरून दिले.

योग कान दुरुस्त करत नाही. कॉथॉर्न-कुक्सींच्या वाटेने पुढे आलेल्या व्यायामांना भक्कम पुरावा आहे; योगावरचे अभ्यास अजून थोडे आणि लहान आहेत. पण भीती घालवून रोज उभे राहायची सवय लावणे, हे काम तो चांगले करतो. आधी कानाच्या डॉक्टरांकडून निदान करून घ्यावे. शीर्षासन, सर्वांगासन आणि झटक्याने वाकणे टाळावे. पाठीमागे भिंत, समोर खुर्ची, पाय खांद्यांइतके लांब, नजर समोरच्या एका खुणेवर. ते जमले की पाय जवळ. मग मान सावकाश डावीकडे, उजवीकडे. डोळे मिटायचे ते सगळ्यात शेवटी, आणि घरातले कुणीतरी शेजारी उभे असताना.