भिंतीवरच्या फोटोतला शिपाई



बचत गटांच्या बैठकांसाठी मी महिन्याकाठी वीस-पंचवीस घरांत जाते. हप्ते गोळा होईपर्यंत आणि रजिस्टरवर सह्या होईपर्यंत जरा वेळ असतो. मग नजर भिंतीवर जाते. आपल्या सातारा भागात दर दोन-तीन घरांआड एक तरी फौजी फोटोत उभा असतो. फ्रेमला चंदनाचा हार, काच धुरकटलेली. "हे कोण?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "आमच्या ह्यांचे आजोबा, लढाईत गेले." कोणत्या लढाईत, हे मात्र कुणालाच माहीत नसतं.

आपल्याच तालुक्यातल्या अपशिंगे गावाला 'मिलिटरी' हे नाव उगाच जोडलेलं नाही. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. त्यांचा स्तंभ गावात उभा आहे. पण घराघरांतल्या फोटोंचं काय? नाव सांगणारी माणसं गेली, आणि ज्यांना नाव माहीत होतं त्या बायका नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या! उखाण्यात एकदा घेतलं ते घेतलं. आज एका घरातली गोष्ट सांगते, म्हणजे फोटोत काय बघायचं तेही कळेल.

आमच्या गटात सत्तरीच्या एक मावशी आहेत. त्यांच्या ओटीवर असाच एक मोठा, रंगवलेला फोटो होता. घरात ठाम समजूत होती, की हे मावशींचे आजेसासरे आणि ते पहिल्या लढाईत 'बसऱ्याला' गेले. सर्वपित्रीला वाढलेलं पान या फोटोपुढे ठेवायचं, हार बदलायचा, हे चाळीसेक वर्षं चालू होतं. नातवाला कॉलेजात घराण्याच्या इतिहासावर प्रकल्प करायचा होता. "ताई, तुम्ही बीए हायसा, जरा बघा की," असं मावशी म्हणाल्या. माझ्या बीएला इतिहास होता खरा, पण गणवेशाबद्दल त्यात एक ओळसुद्धा नव्हती. मी शिकले ते नंतर, दोन निवृत्त सुभेदारांना प्रश्न विचारून विचारून.

फ्रेम उतरवली, मोबाईलने फोटो काढला आणि खांदा मोठा करून पाहिला. सुभेदार काकांनी हेच बजावलं होतं. चेहऱ्याकडे नंतर बघायचं, आधी खांदा. तिथे पितळी अक्षरं होती. वर इंग्रजी ५ चा आकडा आणि खाली 'मराठा', पण स्पेलिंगमध्ये दोन 'टी' घातलेलं.

आता हा ५ काय सांगतो ते ऐका. १९०३ साली इंग्रजांनी फौजेचे आकडे बदलले. मुंबई इलाख्यातल्या जुन्या पलटणींच्या आकड्यात शंभर मिळवले, म्हणून ३ ची १०३ झाली, ५ ची १०५ आणि १७ ची ११७. पहिलं महायुद्ध मराठा पलटणी या तीन आकडी नंबरांनी लढल्या. १९२२ साली १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या सहा पलटणी एकत्र केल्या आणि त्या रेजिमेंटला नाव दिलं '५वी मराठा लाइट इन्फन्ट्री'. दुसरं महायुद्ध संपता संपता तो ५ गेला. स्वातंत्र्यानंतर स्पेलिंगही सुधारलं. म्हणजे खांद्यावर तीन आकडे असतील तर फोटो १९२२ च्या आधीचा. नुसता ५ असेल तर १९२२ नंतरचा.

मावशींच्या फोटोवर तर ५ होता. मग १९१६ साली मेलेला माणूस १९२२ नंतर फोटो काढायला स्टुडिओत कसा जाईल?

मला खरं तर हे बोलायला जीभ रेटेना. चाळीस वर्षांचा हार तो. मी दोन आठवडे काहीच बोलले नाही आणि आणखी काही सापडतं का ते बघत राहिले. दंडावर दोन फिती होत्या, म्हणजे नायक. (एक फीत लान्स नायकाची, तीन हवालदाराच्या. खांद्यावर एक तारा असेल तर जमादार, दोन असतील तर सुभेदार. जमादाराला १९६५ पासून नायब सुभेदार म्हणतात.) रंगांवर मी विसंबले नाही. फोटो मोठा करून रंगवणारे कारागीर डोळ्यांना बरं दिसेल ते रंग भरत. आणि मूळ काळ्या-पांढऱ्या फोटोतही रंग फसवतात. त्या काळातल्या बऱ्याच प्लेटा लाल रंग पकडत नसत, म्हणून लाल पट्टा काळा येई आणि निळा फिकट. मेडलच्या फितीवरून लढाई ओळखायला गेलात तर हमखास चुकाल. पितळेवर विश्वास ठेवा.

बिल्ल्यावर मुकुट असेल तर फोटो १९५० च्या आधीचा, कारण २६ जानेवारी १९५० पासून मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. मेडल छातीच्या डाव्या बाजूला असतात. उजवीकडे दिसली तर दोन शक्यता. एक तर निगेटिव्ह उलटी छापली गेली. ते अक्षरांवरून लगेच कळतं. नाहीतर मेडल घालणारा ज्याची मेडल त्याचा वारस आहे. गेलेल्याची मेडल घरच्यांनी उजवीकडे लावायची, अशी रीत होती. नऊवारीच्या पदरावर उजव्या बाजूला मेडल लावलेली बाई कुणाच्या जुन्या फोटोत दिसली, तर ती नुसती हौस समजू नका.

दुसऱ्या एका गटाच्या घरी बिल्ल्यावर उंच खांबासारखं काही होतं. घरचे म्हणत, दीपस्तंभ आहे, आजोबा बोटीवर असणार. तो कोरेगावचा जयस्तंभ होता! महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली आणि तिच्या पहिल्या बिल्ल्यावर हा स्तंभ होता. १९४६ ला रेजिमेंट मशीनगनची झाली तेव्हा त्यावर दोन मशीनगना तिरप्या आल्या. पुढे स्तंभाच्या जागी कट्यार आली. त्याआधी १११वी महार ही पलटण १९१७ साली उभी केली होती, आणि लढाई संपल्यावर चार वर्षांच्या आत इंग्रजांनी ती मोडून टाकली. गरज सरो अन् वैद्य मरो, दुसरं काय. त्या घरच्या सूनबाईंनी त्याच दिवशी काच पुसून घेतली.

तर आमच्या मावशी. शेवटी मी सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग हे आण्णा असतील." आण्णा म्हणजे चुलत सासरे, आजेसासऱ्यांच्या भावाचा मुलगा. तो लहानपणीच पोरका झाला, म्हणून आजेसासूबाईंनी वाढवला. दुसऱ्या लढाईत गेला आणि धडधाकट परत आला. मावशी लग्न होऊन आल्या तेव्हा तो म्हातारा आंब्याखाली खाटेवर बसलेला असे. आजेसासूबाई वारल्यावर त्यांच्या ट्रंकेत हा एकच फोटो सापडला. सगळ्यांनी धरून चाललं, की बाईने जपला म्हणजे नवऱ्याचाच असणार. गावातल्या फोटोवाल्याकडून तो मोठा करून घेतला. आण्णा तोवर गेलेले, सांगणार कोण?

"म्हंजी आमच्या आज्याचा फोटूच न्हाई?" नातू म्हणाला.

मी विचारलं, ट्रंकेत आणखी काय होतं? मावशी म्हणाल्या, चांदीचं एक मेडल होतं, ते बहात्तरच्या दुष्काळात आजेसासूबाईंनी स्वतःच सोनाराला घातलं. एक पितळी चांदणी आहे, आणि ताकाच्या गाडग्यावरचं झाकण.

झाकण आणलं. वितीपेक्षा लहान, जड, गोल. त्यावर त्रिशूळ घेतलेली बाई, पुढे सिंह आणि चौकटीत उठावाची अक्षरं. पहिल्या महायुद्धात मेलेल्या माणसाच्या घरी हे पदक देत. साधारण १२ सेंटिमीटरचं, काशाचं, आणि त्यावर माणसाचं नुसतं नाव. हुद्दा मुद्दामच नाही, शिपाई आणि जनरल सारखेच. आजेसासूबाई दर दिवाळीला ते चिंच लावून घासत आणि कुणाला हात लावू देत नसत, हे मावशींना आठवलं. झाकण त्याचं नंतर झालं. मी अक्षरं लावून नाव मोठ्याने वाचलं. त्या घरात ते नाव किती वर्षांनी उच्चारलं गेलं, देव जाणे.

चांदणी म्हणजे १९१४-१५ चा तारा, दोन तलवारी एकमेकींवर असलेला. त्याच्या मागे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. गोल मेडल असेल तर हे सगळं कडेवर असतं. राखेने जोरात घासू नका, अक्षरं जातात. आमच्या ताऱ्यामागे ११७ निघाले. ही पलटण नोव्हेंबर १९१४ मध्येच इराकच्या किनाऱ्यावर उतरली होती. पुढे १०३ आणि ११० बरोबर तीही कुत गावच्या वेढ्यात अडकली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत अन्नान्न दशा, आणि मग शरणागती.

नाव, नंबर आणि पलटण मिळाल्यावर राष्ट्रकुल युद्ध कबरी आयोगाच्या नोंदीत शोधता येतं. फुकट आहे, मोबाईलवर होतं. स्पेलिंग मात्र पाच-सहा प्रकारे करून बघा, गोऱ्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलंय. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे, पण भिंतीवर नावं गोऱ्यांची आणि आपल्या सुभेदार-जमादारांची. आपल्या साध्या शिपायांचे पलटणीगणिक नुसते आकडे कोरले. आयोगाने २०२१ साली हा भेदभाव झाल्याचं अहवालात कबूल केलं. नावं राहिली ती नोंदवहीत.

सातव्या स्पेलिंगला सापडलं. साल १९१६, पलटण ११७, गाव आपलंच. आणि पुढे 'अमकीचा पती' म्हणून आजेसासूबाईंचं नाव. मावशी त्यांना जन्मभर 'म्हातारी' म्हणत आल्या होत्या, नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

फोटो अजून भिंतीवरच आहे. हार काढलाय, मागे पेन्सिलीने 'आण्णा, नायक' आणि साल लिहिलंय. पदक देव्हाऱ्याशेजारी फळीवर ठेवलंय. या सर्वपित्रीला पान त्याच्यापुढे होतं. मावशींनी दुसरंही एक पान वाढलं, म्हातारीचं, नाव घेऊन.