मच्छीमार कोणाला म्हणायचे?

पहिल्या पावसात सूर्या नदीला गढूळ लोंढा आला की अंडी भरलेले मासे ओहोळांतून भातखाचरांकडे चढतात. आमच्याकडे याला वलगण म्हणतात. मासवणच्या काठावर त्या रात्री कातकरी, वारली, मल्हारकोळी आणि आम्ही बौद्धवाडीतले, सगळेच टोपल्या, पाग, कंदील घेऊन पाण्यात उतरायचे. माझी आई त्यांत असे. मोठे मासे पालघर-मनोर रस्त्याच्या कडेला विकले जात, बारीक आमच्या कालवणात. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. त्या पदवीच्या फीमध्ये या माशांचा वाटा आहे.

काही वर्षांपूर्वी मच्छीमारांच्या एका योजनेचा अर्ज घेऊन मी आईला एका कार्यालयात नेले. नौका कोणती, संस्थेचा सभासद क्रमांक काय, असे दोन प्रश्न झाले. दोन्ही नव्हते. “मग तुम्ही मच्छीमार कशा?” आई म्हणाली, “मासे तर मीच धरते ना!” अर्ज परत आला. मी इतिहास शिकवतो, म्हणून त्या बाबूवर रागावण्याऐवजी त्याच्या प्रश्नाचा माग काढत गेलो.

मासेमारीवरचा इंग्रजांचा कायदा 1897 चा. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणे त्याने गुन्हा ठरवले, ते योग्यच झाले. निवडक पाण्यात जाळ्याचे माप आणि बांध घालणे यांवर नियम करण्याचा अधिकारही त्याने प्रांतिक सरकारांना दिला. गावकऱ्याने ओहोळात घातलेला चार हातांचा बांध अशा रीतीने कायद्याच्या नजरेत आला. पुढे सरकारनेच नदीवर धरणे बांधली, तेव्हा मासा वर कसा चढेल हा प्रश्न आराखड्याच्या पहिल्या पानावर कधी आला नाही.

राज्यघटनेने मासेमारी राज्यांकडे दिली आणि प्रादेशिक समुद्रापलीकडची केंद्राकडे ठेवली. 1953 मध्ये केरळात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पाचे काम सुरू झाले. यांत्रिक बोटी, बर्फ, आणि लवकरच परदेशी जाणारी कोळंबी. किती टन आणि किती डॉलर, हे मोजमाप तेव्हापासून धोरणात मुरले. त्या घाईत किनाऱ्याजवळचा लहान कोळी भरडला गेला, तो रस्त्यावर उतरला, आणि राज्यांना कायदे करावे लागले. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा. 2016 मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले, तेही पारंपरिक मच्छीमारांच्या रेट्यामुळे. सातपाटीच्या कोळी बांधवांचा हा लढा माझाही आहे असे मी मानतो. तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाची परिषद हरित लवादात गेली आणि जानेवारी 2022 मध्ये निकाल मिळवला, याचा मला अभिमान आहे.

पण या साऱ्या इतिहासात दोन माणसे दिसत नाहीत. एक खलाशी. डहाणू-तलासरीचा आदिवासी तरुण गुजरातच्या बोटीवर हंगामभर राबतो आणि समुद्रातली सरहद्द ओलांडली म्हणून पाकिस्तानच्या तुरुंगात जातो. बोट मालकाची, कैद याची. दुसरी नदीतली बाई.

मासवणला सूर्येचे पाणी पंपाने उचलले जाते आणि वसई-विरारला जाते. धामणीचे धरण मुळात शेतीच्या सिंचनासाठी सांगितले गेले होते. पाणी शहरांकडे वळले, त्याविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी आंदोलने केली. त्यांच्या मागणीपत्रांतही मासा शोधावाच लागतो. हा दोष आपल्या चळवळींचाही आहे. 1927 मध्ये बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला, त्याआधी चार वर्षे बोल्यांचा ठराव कागदावर पडून होता. सार्वजनिक पाणी सर्वांचे, हे आपण तिथे शिकलो. त्या पाण्यातल्या अन्नावर कोणाचा हक्क, हे विचारायला आपण विसरलो.

वलगणीचे मासे धरू नयेत, बीज मरते, असे मत्स्यखात्याचे म्हणणे आहे आणि ते खरेच आहे. माझ्या आईला मी तेच सांगतो, आणि सांगताना मान खाली घालतो. समुद्रात जून-जुलै बंदी असते. बंदीच्या महिन्यांसाठी बचत-आधाराची योजना आहे, पण ती नोंद झालेल्या मच्छीमाराला. आई नोंदीत नाही, तेव्हा तिने बंदी पाळायची ती उपाशीपोटी.

2020 च्या मत्स्यसंपदा योजनेत 20,050 कोटींचा आराखडा आला. एप्रिल 2025 मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, म्हणजे वीज, कर्ज, विमा यांत सवलती. शेतीचा दर्जा मिळाला, पण शेतीतला जुना प्रश्नही सोबत आला: सातबारा ज्याचा, सवलत त्याची. राबणाऱ्याचे काय?

म्हणून पहिले काम नोंदणीचे. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात लहान जलसाठ्यांचे नियोजन पंचायतींकडे दिले आहे. त्या गावांच्या ग्रामसभांनी आपल्या नदी-ओहोळांत पाग टाकणाऱ्यांची, टोपली लावणाऱ्यांची यादी करावी आणि बायकांची नावे त्यांच्या स्वतःच्या नावाने लिहावीत. आमच्या वाडीची यादी आम्ही वहीत सुरू केली आहे. पहिल्या पानावर एकवीस नावे झाली, त्यांतली चौदा बायकांची.