दिवसा राम, रात्री कृष्ण

तळहातात लपेल एवढी गोल चकती, वर लाखेची चकाकी आणि मध्ये पाच परशू. गंजिफा या पत्त्यांच्या खेळातली ही परशुरामाची पंजी. मुक्काम सावंतवाडी, म्हणजे १९८१ पर्यंतचा आपला रत्नागिरी जिल्हाच.

गंजिफा हा शब्द फारसी. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मुघली संचात ताज, शमशेर, गुलाम असे आठ रंग आणि ९६ पाने. आपल्याकडे त्या जागी विष्णूचे दहा अवतार येऊन बसले, पाने झाली १२०. सावंतवाडीत हा खेळ इथले राजे तिसरे खेम सावंत यांच्या काळात तेलंगणातल्या विद्वानांबरोबर आला, असे सांगतात.

खेळायला तिघे, प्रत्येकी ४० पाने. डाव दिवसा मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. निम्म्या रंगांत दश्शी भारी, उरलेल्यांत एक्का. पडलेली पाने ध्यानात ठेवील तोच टिकणार. पान टाकताना तोंडी देवाचेच नाव, म्हणून जुगाराचा दोष लागत नाही, ही जुनी समजूत.

चितारी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवत, वर खडूचा लेप देऊन तो दगडाने घोटत, मग गोल कापून रंगवत. मत्स्याची नव्वी म्हणजे एवढ्याशा वर्तुळात नऊ मासे, तेही दिव्याच्या उजेडात एका नजरेत मोजता यायला हवेत. चित्रकार एडवर्ड मुंकने १८९२ मध्ये माँटे कार्लोच्या रुलेटभोवती जमलेले जुगारी रंगवले. आमच्या चिताऱ्याने जुगाऱ्याच्या हातातले पान रंगवले, आणि माझ्या लेखी ते काम तसूभरही कमी नाही.

छापील पत्ते स्वस्त झाले आणि चिताऱ्यांचे हात रिकामे पडले. १९७० च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवींनी ही कला पुन्हा उभी केली, तेव्हा जुन्या जाणत्यांपैकी पुंडलिक चितारी हाताशी होते. आज राजवाड्यात कारागीर मान खाली घालून अवतार रंगवताना दिसतात. त्यांचे संच लोक हौसेने नेतात आणि काचेमागे लावतात. मला ते बघवत नाही. ही पाने हाताळून झिजावीत म्हणून केलेली आहेत. एखाद्या दुपारी तिघांनी पडवीत चादर अंथरावी आणि ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्याने पहिली उतारी करावी.